सोवळे उतरवलेला शाहीर

समाज आपल्या कलावंताकडे दोन डोळ्यांनी पाहतो. एका डोळ्याने त्याला पाहण्यासाठी रात्ररात्र जागतो आणि सकाळ झाली की दुसऱ्या डोळ्याने त्याला ओळखही देत नाही. रात्रीची टाळी आणि सकाळची निंदा बहुधा एकाच तोंडाच्या माणसांकडून मिळते. या गमतीवर जगात कित्येकांनी आपले पोट भरले आहे आणि कित्येकांचे पोट शेवटी रिकामेच राहिले आहे.

पाश्चात्त्य देशांत गेल्या शतकात या गोष्टीचा चक्क धंदाच झाला. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात १९४८ साली धर्मोपदेशकांच्या घराण्यात व्हिन्सेंट फर्नियर नावाचा मुलगा जन्मला. मोठेपणी त्याने ‘ॲलिस कूपर’ असे बाईचे नाव घेतले, डोळ्यांभोवती काळे फराटे ओढले, गळ्यात जिवंत अजगर अडकवला आणि गाता गाता रंगमंचावर खोट्या गिलोटिनखाली स्वतःचे मुंडके उडवून घ्यायला सुरुवात केली. १९६९ साली टोरांटोच्या जलशात रंगमंचावर आलेली एक कोंबडी त्याने प्रेक्षकांत फेकली. तिचे तुकडे केले ते प्रेक्षकांनी. पण वर्तमानपत्रांत बातमी आली ती त्यानेच तिचे डोके चावून तोडल्याची! १९७३ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या एका सभासदाने या गृहस्थाला देशात पाऊल ठेवू देऊ नये, अशी मागणी केली. अशा बोभाट्याने तिकिटे कमी खपत नाहीत, जास्तच खपतात, हे सांगायला नकोच. या प्रकाराला तिकडे ‘शॉक रॉक’ म्हणतात. म्हणजे ऐकणाऱ्याला आधी दचकवायचे आणि मग गाणे ऐकवायचे. हाच ॲलिस कूपर पुढे दारू सोडून चर्चमध्ये जाऊ लागला आणि गोल्फ खेळण्यात रमला. चेहऱ्यावरचे काळे फराटे खेळ संपला की साबणाने धुता येत होते!

पण ज्याचे काळे धुता येत नव्हते, असा एक मनुष्य आपल्या महाराष्ट्रातही होऊन गेला. तोही ‘मोठ्या’ घरातला होता, त्यानेही बापाने ठेवलेले नाव टाकून फडाचे नाव घेतले आणि त्याच्याही नावाने सोवळ्या घरांतून बोटे मोडली गेली. त्याचे नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जगाने त्याला ओळखले ते पठ्ठे बापूराव म्हणून.

घुग्घुससारख्या कोळशाच्या गावात बसून कृष्णाकाठच्या शाहिराची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. दिवाळी सरली, धान घरात आले, की आपल्या चांदा-गडचिरोलीकडे, भंडारा-गोंदियाकडे झाडीपट्टीचा नाटकांचा मोसम उभा राहतो. शंकरपट भरतात आणि रात्री मांडवात नाटक सुरू होते, ते थेट होळीपर्यंत. या नाटकांच्या मागे दंडार आणि खडी गंमत यांची जुनी परंपरा आहे. खडी गंमत म्हणजे आपल्या विदर्भाचा तमाशाच म्हणा ना! डफ, ढोलकी, तुणतुणे, कलगीवाल्यांचे आणि तुरेवाल्यांचे सवालजबाब, एक म्हणतो शक्ती थोर, दुसरा म्हणतो शिव थोर, आणि पहाट होते तरी वाद मिटत नाही. सारे काही तेच. फरक एकच. आपल्या खडी गंमतीत पिढ्यान् पिढ्या बाई नव्हती. लुगडे नेसून, चाळ बांधून नाचायचा तो पुरुषच. त्याला नाच्या म्हणत. बाईचे सोंग चालत होते, बाई चालत नव्हती.

पश्चिम महाराष्ट्रातल्या तमाशातही पूर्वी असेच होते. तिथेही ‘नाच्या पोऱ्या’च असे. त्याच्या जागी खरीखुरी स्त्री फडावर उभी राहिली, हा मराठी रंगभूमीवरचा एक मोठा बदल; आणि त्या बदलाशी पठ्ठे बापूराव व पवळा ही दोन नावे कायमची जोडली गेली आहेत. म्हणून झाडीपट्टीतल्या वाचकालाही ही हकीकत परकी वाटू नये.

बापूरावांचा जन्म ११ नोव्हेंबर १८६६ रोजी रेठरे हरणाक्ष येथे झाला. हे गाव कृष्णेच्या काठी, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवे तालुक्यात आहे. घर ब्राह्मणाचे, वतन कुलकर्णाचे. कुलकर्णी म्हणजे गावचे दप्तर सांभाळणारा माणूस. कोणाची जमीन किती, वसूल किती, बाकी किती, याचा सारा हिशोब त्याच्या लेखणीत. पाटलाच्या हातात काठी आणि कुलकर्ण्याच्या हातात लेखणी, असा त्या काळचा गावगाडा होता. अशा घरातल्या मुलाने खाली मान घालून दप्तर लिहावे, सोवळे नेसून जेवावे आणि वेळ झाली की वतन मुलाच्या हाती देऊन डोळे मिटावेत, ही रीत.

पण या मुलाच्या कानात दुसरेच काही भरले होते. पहाटे जात्यावर बायका ओव्या म्हणत, त्यांच्या चाली आणि रात्री गावकुसाबाहेरून येणारी ढोलकीची थाप. ओवी घरात चालत होती. ढोलकी मात्र वेशीच्या आतली नव्हती. तमाशाचे फड बहुतेक महार, मांग आणि कोल्हाटी समाजांतल्या कलावंतांचे. गावाने त्यांची कला पाहायची, त्यांच्यावर दौलतजादा करायचा, पण त्यांच्या हातचे पाणी प्यायचे नाही, असा कायदा होता आणि तो कुठल्या पुस्तकात लिहिलेला नसला तरी सर्वांना पाठ होता. फडासाठी कवने रचून देणारा लेखणीबहाद्दर एक वेळ चालला असता. तो घरी बसून लिहितो, नाव दुसऱ्याचे होते, आणि सोवळे शाबूत राहते. श्रीधरपंत तेवढ्यावर थांबले नाहीत. दप्तर ठेवले, वतन सोडले, हाती डफ घेतला आणि फडात जाऊन उभे राहिले. कुलकर्ण्यांचा श्रीधर गेला आणि पठ्ठे बापूराव आले. पठ्ठा म्हणजे आखाड्यात तयार झालेला, कोणाला न हटणारा गडी. नावातच आव्हान होते.

असे करणारे ते पहिलेच नव्हेत. त्यांच्या आधी सुमारे शंभर वर्षे, पेशवाईच्या उतरत्या काळात, सोलापूरचा राम जोशी नावाचा शास्त्री-पंडितांच्या घरातला मुलगा असाच तमाशाच्या नादी लागला होता. त्यालाही घराबाहेर पडावे लागले. पण राम जोशी पुढे कीर्तनाकडे वळला. संस्कृत पांडित्याला आणि लावणीच्या ठसक्याला त्याने हरिदासाच्या उपरण्यात बांधले आणि समाजाचा जीव भांड्यात पडला. बिघडलेला मुलगा सुधारला, ही गोष्ट समाजाला फार आवडते. राम जोशीवर १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट निघाला आणि तो घरोघरच्या मंडळींनी डोळे पुसत पाहिला. बापूरावांनी हा दिलासा समाजाला दिला नाही. ते कीर्तनाकडे वळले नाहीत, प्रायश्चित्त घेऊन पंगतीत येऊन बसले नाहीत. उलट आपण श्रेष्ठ वर्णातले असून सोवळे बाजूला ठेवून तमाशाच्या फडात आलो, हे त्यांनी आपल्या कवनातच उघडपणे सांगून टाकले. निंदक जे कुजबुजत होते, ते शाहिराने ढोलकीवर म्हटले! निंदेतली हवाच निघून गेली म्हणायची.

आता त्या कवनांविषयी. तमाशाचा ठरलेला क्रम असतो. आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गौळण, जिच्यात मथुरेच्या बाजारी निघालेल्या गौळणींना कृष्ण अडवतो. मग लावणी आणि अखेरीस वग, म्हणजे कथानक असलेले नाट्य. या साऱ्या प्रकारांत बापूरावांची लेखणी चालली. शिव-शक्तीच्या वादातल्या भेदिक लावण्या त्यांनी रचल्या, शृंगाराच्या रचल्या, आणि मुंबई शहराच्या थाटामाटाचे वर्णन करणारी त्यांची लावणी तर फार गाजली. त्यांच्या लावण्यांची संख्या दोन लाख, असे लोक कौतुकाने सांगत आले आहेत. हा हिशोब कुलकर्ण्याच्या दप्तरातला नव्हे, शाहिराच्या फडातला आहे, तेव्हा त्यात एखादे शून्य जास्त असले तरी रागवू नये! मात्र त्यांच्या इतके विपुल आणि त्यांच्या इतके गळ्यात बसणारे लिहिणारा शाहीर त्या काळात दुसरा सापडणे कठीण. आजही कित्येक फडांवर गण आणि गौळण होते ती त्यांचीच असते, आणि गाणाऱ्याला पुष्कळदा ते ठाऊकही नसते.

तमाशाला त्या वेळी नवा आश्रयदाता मिळाला होता. पेशवाई बुडाली तसे सरदारांचे वाडे ओसाड पडले. पण मुंबईत गिरण्यांचे भोंगे वाजू लागले. घाटावरून, कोकणातून हजारो गडी पोटासाठी मुंबईत आले, चाळीच्या एका खोलीत दहा-दहा जण राहू लागले. गावाची आठवण आली की ते तमाशाला जात. पगडीवाल्याच्या बिदागीच्या जागी गिरणीवाल्याचे तिकीट आले. आपल्या घुग्घुसला, बल्लारपुरात खाणी निघाल्यावर नाना मुलखांतली माणसे आली आणि त्यांच्याबरोबर त्यांची गाणी आली, ते ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे समजावून द्यावे लागणार नाही. घाम गाळून आलेल्या माणसाला करमणूक हवी असते, आणि ती करणाऱ्याचे गोत्र तो विचारीत नाही.

याच मुंबईत बापूरावांच्या फडात पवळा उभी राहिली आणि गर्दीला सीमा उरली नाही. पवळा ही संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा या गावची, महार समाजात जन्मलेली. रूप देखणे, गळा गोड आणि नाच असा की लोक तिला ‘नामचंद पवळा’ म्हणू लागले. तमाशाच्या फडावर उभ्या राहिलेल्या पहिल्या स्त्रियांत तिची गणना होते. बापूरावांनी लिहावे आणि पवळेने ते उभे करावे, अशी जोडी जमली. जोडी केवळ फडावरची राहिली नाही, आणि इथे खरा स्फोट झाला. ब्राह्मणाच्या मुलाने डफ हाती घेतला, हे एक वेळ वेड म्हणून सोडून देता आले असते. पण त्याने अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या स्त्रीबरोबर उघडपणे संसार थाटावा, ही गोष्ट पचणारी नव्हती. चोरून केलेले त्या काळी कितीतरी चालत होते. उघडपणा चालत नव्हता. बापूरावांचा गुन्हा पापाचा नव्हता, उघडपणाचा होता.

याच उघड्या माणसाला एका छत्रपतींनी मात्र मानाने बोलावले. १९०८-०९ च्या सुमारास कोल्हापुरास शाहू महाराजांपुढे बापूरावांनी ‘मिठाराणी’चा वग सादर केला. हा प्रसंग नुसत्या करमणुकीचा म्हणून सोडून देऊ नये. शाहू महाराजांच्या दरबारात थोड्याच वर्षांपूर्वी वेदोक्ताचे प्रकरण पेटले होते. छत्रपतींना वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाही, असे पुरोहितांनी म्हटले होते. आणि १९०२ साली महाराजांनी आपल्या संस्थानातल्या निम्म्या जागा मागासलेल्या समाजांसाठी राखून ठेवल्या होत्या. एक ब्राह्मण आपला अधिकार मुठीत धरून बसला होता, आणि दुसरा तो फेकून देऊन डफ वाजवीत समोर उभा होता. महाराजांना दोघांतला फरक कळला नसेल, असे कोण म्हणेल?

इथपर्यंतची कथा ऐकली की बापूरावांची आरती ओवाळावीशी वाटते. जात सोडली, वतन सोडले, प्रेमासाठी निंदा सोसली. चित्रपटाला याहून काय लागते? १९५० साली त्यांच्या नावाचा चित्रपट निघालाही. पण इतिहासाला चित्रपटाइतके लवकर संपून चालत नाही.

१९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या सुमाराची गोष्ट आहे. चळवळीला पैसा हवा होता. बापूराव आपल्या फडातल्या स्त्रियांसह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे गेले आणि काही खेळांचे उत्पन्न सत्याग्रहाच्या निधीला द्यावयाची तयारी त्यांनी दाखवली. बाबासाहेबांनी ते पैसे घेतले नाहीत. महार समाजातल्या बायकांना नाचवून मिळवलेला पैसा आपल्याला नको, असा त्यांचा रोख होता.

या नकाराने बापूरावांना काय वाटले असेल? आपण ज्यांच्यासाठी, ज्यांच्याबरोबर सारे सोडले, त्यांच्याच पुढाऱ्याने आपले दान परत करावे! दात्याच्या मनात खोट नव्हती, असे मानायला हरकत नाही. पण बाबासाहेबांनी बोट ठेवले ते ठिकाणही खोटे नव्हते. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारा समाज माणुसकी मागत होता. त्या समाजाच्या मुलींनी पुढच्या रांगेतल्या पैशांवर चाळ वाजवीत राहावे, आणि त्याच पैशांनी समाजाची मान वर करावी, हे गणित त्यांना मान्य नव्हते. बापूराव वरून खाली उतरले, आणि तो त्यांचा त्याग ठरला. पवळा ज्या जागी होती, तिथून तिला वर येऊ द्यायला मात्र कोणी तयार नव्हते. तो उतरला, त्याची गोष्ट झाली. ती अडकली, त्याची रीत झाली.

दोन्ही बाजूंनी विचार केला तर मनात गोंधळ होतो, आणि तो व्हावा हेच बरे. तमाशातल्या स्त्रियांनी आपल्या कलेवर घरेदारे पोसली, नाव मिळवले, हजारोंना हसवले-रडवले. ती कला हीन होती, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय होईल. पण ती कला त्यांनी निवडली होती की जन्माने त्यांच्या गळ्यात बांधली होती, हा प्रश्न टाळणे हाही अन्यायच. बापूरावांना तमाशा निवडता आला. निवडीचा हा अधिकारच त्यांच्या जन्माने त्यांना दिलेले शेवटचे वतन होते, आणि ते काही त्यांनी सोडले नव्हते. सोडताही आले नसते.

पुढचा काळ उतरणीचा. पवळा आणि बापूराव यांचे पटेनासे झाले आणि दोघे वेगळे झाले. पवळेशिवाय फडाचे तेज गेले. बोलपट आले, तिकिटाचा ओघ तिकडे वळला. ज्याने रात्रीत रुपयांची रास पाहिली त्याला अखेरीला दारिद्र्य पाहावे लागले. २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात बापूरावांचे निधन झाले. त्यांच्या मागे वतन नव्हते, वाडा नव्हता. होत्या त्या लोकांच्या तोंडातल्या लावण्या.

ते गेल्यावर थोड्याच वर्षांत, स्वातंत्र्य आल्यानंतर, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. फडकऱ्यांनी दाद मागितली, चौकशी झाली, बंदी उठली. पण संहिता आधी तपासून घ्यावयाची अट आली. त्यानंतर तमाशाला शहाण्या लोकांनी ‘लोकनाट्य’ असे सोवळे नाव दिले. जे बापूरावांनी उतरवले होते ते सरकारने त्यांच्या कलेला नेसवले! चावट शब्द गाळले गेले. नाचणारीचे हाल मात्र कोणत्याच तपासनीसाच्या लाल पेन्सिलीत सापडले नाहीत. त्याच परंपरेतल्या विठाबाई नारायणगावकर दिवस भरलेले असताना नाचल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते मान मिळाला, आणि २००२ साली त्या वारल्या त्या हलाखीतच. आता त्यांच्या नावाने सरकार दर वर्षी जीवनगौरव पुरस्कार देते. समाजाचा दुसरा डोळा उघडतो तो असा, बहुधा मनुष्य गेल्यावर.

आपल्या झाडीपट्टीने या बाबतीत काय केले? नाच्या मागे पडला, नाटकांत स्त्रिया आल्या, वडशासारखे गाव नाटक मंडळ्यांचे माहेर झाले आणि २०२३ साली गडचिरोलीचे परशुराम कोमाजी खुणे यांना पद्मश्री मिळून या रंगभूमीचा दिल्लीपर्यंत गौरव झाला. ही आनंदाचीच गोष्ट. तरी मोसम आला की मांडवातल्या नाचावरून कुरबूर होते, आणि ती करणारे पुष्कळदा पुढच्याच रांगेत बसलेले असतात. दीडशे वर्षांत वाहने बदलली, दिवे बदलले. दोन डोळ्यांची सवय काही बदलली नाही.

पठ्ठे बापूरावांनी समाजाला जो धक्का दिला तो अजगर गळ्यात घालून दिला नाही. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानतात त्यांच्या शेजारी ते जन्मभर बसले, एवढेच. तेवढ्यानेच घर हादरले, म्हणजे घराचा पाया किती कच्चा होता ते पाहा! आणि त्या हादऱ्यात जिच्या डोक्यावर छप्पर पडले ती पवळा होती. शाहिराचे नाव वाङ्मयाच्या इतिहासात गेले. तिच्या गळ्यातून ज्या लावण्या प्रथम लोकांपर्यंत पोहोचल्या, त्यांवर नाव त्याचेच आहे.

येत्या मोसमात शंकरपटाहून परतताना एखाद्या मांडवात आपण जरूर थांबावे, मुलाबाळांना घेऊन थांबावे, मोकळेपणाने हसावे. गाणे आवडले तर ते कोणी लिहिले हे विचारावेच. आणि ते उभे करणाऱ्या बाईचे नाव काय, हेही विचारावे. सकाळी ती रस्त्यात भेटली तर त्या नावाने तिला नमस्कार करावा.